नव्वद सेंट ज्यांच्या नावाने घेता, त्यांच्यापर्यंत पोचू द्या

न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळातील माननीय सिनेटर आणि असेंब्ली सदस्य यांस,
ट्रेंटन

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत माझ्या मतदारसंघातून निवडून आलेल्या तुमच्या तिन्ही सहकाऱ्यांना मी टपालाने पाठवली आहे. इथे तेच म्हणणं मराठीत आणि उघडपणे मांडते आहे. ज्या पैशांबद्दल मला बोलायचं आहे, म्हणजे ९११ या आपत्कालीन फोनसेवेच्या नावाने फोनच्या बिलात लागणारे नव्वद सेंट, ते एडिसनपासून जर्सी सिटीपर्यंतची मराठी घरं इतरांसारखेच दर महिन्याला भरतात, आणि बिलावरची ती ओळ फारशी कुणी वाचलेली नसते. मीही वाचली नव्हती. ती वाचली माझ्या वडिलांनी.

बाबा साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते. बरीच वर्षं रात्रपाळी केली. त्या काळी साधा कॉल, अर्जंट कॉल आणि सगळ्यांच्या वर लाइटनिंग कॉल असायचा. अर्जंटचा दर साध्याच्या दुप्पट आणि लाइटनिंगचा आठपट. घरात कुणी अत्यवस्थ असलं की मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना कळवायला माणसं अपरात्री यायची, खिशातली सगळी चिल्लर काउंटरवर ओतायची आणि ‘लाइटनिंग लावा’ म्हणायची. बाबा सांगतात, त्या आठपट पैशांची पावती फाडली की ऑपरेटरला चैन पडायचं नाही. पैसे लाइन लावण्याचे घेतलेत, तर लाइन लागेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. ही त्यांची सवय मला लहानपणापासून ठाऊक आहे. आज तुम्हाला जे सांगायचं आहे ते तिथूनच आलं आहे.

चार वर्षांपूर्वी बाबा आमच्याकडे आले होते. जानेवारीतली रात्र, सव्वादोनचा सुमार. आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. बाबा पाणी प्यायला उठले आणि ओट्यापाशी कोसळले. नवरा कामासाठी टेक्सासला, मुलं झोपलेली. मी मोबाइलवरून ९११ लावला. दुसऱ्या रिंगला उचलला गेला. पत्ता सांगितला, तर पलीकडून उत्तर आलं की ही इमारत आमच्या हद्दीत येत नाही, तुमचा कॉल जोडून देतो, फोन ठेवू नका. मग शांतता. ती शांतता किती सेकंदांची होती ते मी नंतर फोनमध्ये पाहिलं नाही, मला पाहायचंही नव्हतं. बाबांचा श्वास घरघरत होता आणि मग तोही थांबला.

हे कुणा एका माणसाच्या चुकीमुळे घडलं नाही, म्हणून ९११चे कॉल उचलणाऱ्या त्या केंद्राचं नाव मी लिहिणार नाही. मोबाइलवरून लावलेला ९११चा कॉल तुमच्या घराच्या पत्त्यावरून वळवला जात नसे. फोनने ज्या टॉवरचा आधार घेतला, त्या टॉवरच्या त्या बाजूला जे केंद्र नेमलेलं असेल तिथे तो जाई. उंच इमारतीत, नदीकाठी, दोन गावांच्या शिवेवर राहणाऱ्यांचा कॉल भलतीकडे जाण्याचा धोका जास्त. फोन प्रत्यक्ष कुठे आहे ते पाहून कॉल वळवण्याची सक्ती फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, मोबाइल कंपन्यांवर २०२४च्या जानेवारीत केली. पण कॉल बरोबर ठिकाणी पोचला तरी पुढे केंद्रातली यंत्रणा त्या ताकदीची हवी, आणि ती यंत्रणा आणायला पैसा लागतो.

मग दुसरी बाई लाइनवर आली. तिचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं. तिने पहिल्यांदा मजला विचारला, मग दार उघडं करून ठेवायला सांगितलं, मग फोन स्पीकरवर जमिनीवर ठेवायला. आणि म्हणाली, छातीच्या मधोमध तळहात ठेव, मी मोजते, माझ्याबरोबर दाब. ती मोजत राहिली. एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक, दोन, तीन, चार. माझा वेग मंदावला की तिचा आवाज चढायचा. मी रडायला लागले तेव्हा तिने मोजणं न थांबवता मध्येच एवढंच म्हटलं, ‘तू थांबलेली नाहीस, हे चांगलं आहे.’ अकरा मिनिटांनी पोलीस आले, त्यांच्याजवळच्या यंत्राने दोनदा शॉक दिला. बाबा वाचले. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की त्या अकरा मिनिटांत छाती दाबली जात राहिली म्हणून वाचले.

तीन आठवड्यांनी बाबा घरी आले, आणि घरी बसून कंटाळल्यावर त्यांनी समोर दिसेल तो कागद वाचायला घेतला. आमच्या चार लाइनींच्या फोनचं बिल मी अजून कागदावर मागवते. बाबांनी ते पेन्सिल हातात घेऊन ओळ न् ओळ वाचलं, जसं ते एकेकाळी रात्रीच्या कॉलची तिकिटं तपासायचे. मग मला हाक मारली. ‘हे नव्वद सेंट चार वेळा लावलेत, ते कशाचे?’ मी ओळ वाचून दाखवली. ९११ सिस्टिम अँड इमर्जन्सी रिस्पॉन्स फी. बाबांनी त्या चारही आकड्यांखाली रेघ ओढली आणि विचारलं, ‘म्हणजे हे त्या मोजणाऱ्या बाईंसाठी आहेत. त्यांच्यापर्यंत यातले किती पोचतात?’

मला उत्तर देता आलं नाही. शोधायला लागले तेव्हा हे कळलं.

हा आकार तुमच्याच सभागृहाने २००४मध्ये लावला. दर लाइनीमागे दर महिन्याला ९० सेंट. आमच्या घराचे वर्षाला ४३ डॉलर २० सेंट होतात. सगळ्या राज्याचे मिळून वर्षाला साधारण १२ कोटी डॉलर. हे पैसे एका ट्रस्ट फंडात जमा होतात, आणि त्या फंडाच्या नावातही ९११ आहे. राज्यभरच्या ९११च्या जाळ्याचा खर्च त्यातून होतो, हे मान्य. पण बाकीचा, म्हणजे फार मोठा हिस्सा, राज्य पोलिसांच्या नेहमीच्या कामाकडे, आपत्ती व्यवस्थापनाकडे, नॅशनल गार्डकडे जात आला आहे. फोन प्रत्यक्ष जिथे उचलला जातो त्या काउंटींच्या आणि गावांच्या केंद्रांपर्यंत वर्षानुवर्षं त्यातलं जवळपास काहीच पोचलं नाही. ती केंद्रं मालमत्ता करावर चालतात. आपल्या राज्यातला मालमत्ता कर देशात सगळ्यांत जास्त. सरासरी घराला वर्षाकाठी १० हजार डॉलरच्या आसपास. म्हणजे माणूस एकदा फोनच्या बिलात ९११चे पैसे भरतो आणि पुन्हा घरपट्टीत भरतो.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील की यात बेकायदा काही नाही, २००४च्या कायद्यातच या खर्चांना परवानगी आहे. आहे, मी तो कायदा वाचला. सगळी गोम त्या नावातल्या ‘अँड’मध्ये आहे. ‘९११ यंत्रणा’ एवढ्यावर नाव थांबलं असतं तर पैसा केंद्रांनाच द्यावा लागला असता. पुढे ‘आणि आपत्कालीन प्रतिसाद’ जोडलं, आणि त्या दोन शब्दांत काय काय बसेल याला सीमा राहिली नाही. बिल भरणारा मात्र पहिला आकडाच वाचतो. ९११ दिसलं की कुणी तक्रार करत नाही, तो आकडा प्रत्येकाला पवित्र वाटतो.

आमच्याकडे गणपतीची वर्गणी मागायला येतात तेव्हा पावतीबुकावर मंडळाचं नाव आणि ‘श्रीगणेशोत्सव’ असं छापलेलं असतं. त्या पैशांतून मंडळाने पुढे रस्ता दुरुस्त केला, तर रस्ता चांगलाच झाला, गावालाही हवा होता. तरी पुढच्या वर्षी लोक विचारणारच, की रस्त्यासाठी हवे होते तर रस्त्याची पावती का फाडली नाही? राज्य पोलिसांना पैसे लागतात, याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. त्यासाठी वेगळा कर हवा असेल तर त्याच्या नावाने तो मांडा, सभागृहात मत घ्या, आम्हाला सांगा. ९११च्या पावतीवर तो घेऊ नका. शिवाय हा आकार सगळ्यांना सारखा आहे. फ्रँकलिन लेक्सच्या बंगल्यातल्या फोनला ९० सेंट आणि न्यूअर्कमध्ये रात्री ऑफिसं झाडणाऱ्या बाईच्या फोनलाही ९० सेंट. राज्याचा सर्वसाधारण खर्च भागवायला इतका विषम कर तुम्ही उघडपणे कधी आणला नसता.

फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन २००८च्या एका कायद्यानुसार दरवर्षी अमेरिकी काँग्रेसला अहवाल देतं, कोणत्या राज्याने ९११चे किती पैसे गोळा केले आणि कुठे खर्च केले. हे पैसे दुसरीकडे वळवणाऱ्या राज्यांची त्यात यादी असते. त्या यादीत न्यू जर्सीचं नाव वर्षामागून वर्षं येत राहिलं, शेजारच्या न्यू यॉर्कचंही. मुख्य म्हणजे याचा तोटा पैशातही झाला. २०१९च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने ९११ केंद्रांच्या आधुनिकीकरणासाठी ३४ राज्यांना आणि दोन मूलनिवासी राष्ट्रांना (ट्रायबल नेशन्स) मिळून जवळपास ११ कोटी डॉलर वाटले. त्यात एक अट होती, की ९११चा पैसा दुसरीकडे वळवत नसल्याची हमी द्या. आपलं राज्य ती हमी देऊ शकत नव्हतं. पुढे २०२०च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसने पुन्हा कायदा केला, २०२१मध्ये कमिशनने कोणता खर्च योग्य आणि कोणता नाही याचे नियम स्पष्ट केले. तरी कमिशनला राज्याच्या तिजोरीत हात घालता येत नाही. ते नाव छापू शकतं, दार उघडणं तुमच्याच हातात आहे.

बाबांना बरं वाटल्यावर मी त्या बाईंना भेटायला गेले. परवानगी मिळायला महिना लागला. बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन गेले होते. तळघरातली खोली, खिडकी नाही. सहा टेबलं, त्यांतल्या तीनच टेबलांवर माणसं. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या, कारण माणसं टिकत नाहीत. त्या बाई बारा तासांच्या पाळीनंतर चार तास जास्तीचे करत होत्या, आणि ते जास्तीचे तास त्यांनी मागितलेले नव्हते. समोर पाच स्क्रीन. एका स्क्रीनवर फोनवाल्याचं ठिकाण एका वर्तुळात दिसत होतं, आणि ते वर्तुळ पाहून बाई शेजारच्या दुसऱ्या स्क्रीनवर पत्ता हाताने टाइप करत होत्या, कारण दोन यंत्रणा एकमेकींशी बोलत नाहीत. वर्तुळात इमारत दिसते, मजला दिसत नाही. म्हणून माझ्याकडे त्यांनी आधी मजला मागितला होता.

मी त्यांना बाबा वाचले असं सांगितलं तेव्हा त्या काही क्षण बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, आम्हाला पुढचं कधीच कळत नाही. फोन ठेवला की दुसरा येतो. बावीस वर्षांत असं येऊन सांगणारी मी पाचवी. बोलणं चालू असतानाच कॉल आला, त्यांनी हाताने मला थांबायची खूण केली आणि आवाज बदलला. तोच आवाज. मी लाडवांचा डबा टेबलाच्या कडेला ठेवला आणि बाहेर आले.

हे सगळं इतकं तपशिलात लिहिण्याचं कारण आहे. तुमच्या अर्थसंकल्पाच्या कागदात हा विषय एका ओळीत येतो आणि त्या ओळीला चेहरा नसतो. साडेपाच हजार कोटी डॉलरच्या वर गेलेल्या अर्थसंकल्पात १२ कोटी म्हणजे हजारात दोन. दोन सभागृहं मिळून १२० माणसं बसता, तुम्हाला हे अशक्य आहे असं मला वाटत नाही. त्या खोलीसाठी मात्र हाच पैसा म्हणजे नवी खुर्ची, खुर्चीत बसणारं माणूस, एकमेकींशी बोलणारे स्क्रीन.

इथे मला एका मुलीची आठवण करून द्यावीशी वाटते. २०१३च्या डिसेंबरमध्ये टेक्सासमधल्या मार्शल गावी एका मोटेलच्या खोलीत करी हंट या बाईवर तिच्या विभक्त नवऱ्याने हल्ला केला. तिची नऊ वर्षांची मुलगी खोलीत होती. तिने शिकवल्याप्रमाणे फोन उचलला आणि ९११ लावला. लागला नाही. चार वेळा लावला. मोटेलच्या फोनवरून बाहेर लाइन लागायला आधी आणखी एक ९ दाबावा लागत होता, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आई वाचली नाही. करीच्या वडिलांनी पाठपुरावा केला, आणि आता देशभरातल्या हॉटेल-ऑफिसांच्या नव्या फोन यंत्रणांवरून थेट ९११ लागलाच पाहिजे असा कायदा आहे. तो १६ फेब्रुवारी २०२० रोजी लागू झाला. १९६८मध्ये याच तारखेला अलाबामातल्या हेलीव्हिल गावात देशातला पहिला ९११ कॉल लावला गेला होता. त्या मुलीने तिच्या बाजूचं सगळं बरोबर केलं होतं. आम्हीही मुलांना हेच शिकवतो, फोन उचल, ९११ लाव, पत्ता सांग. आमची बाजू आम्ही पाळतो, दर महिन्याला पैसेही भरतो. पलीकडची बाजू तुमच्याकडे आहे.

माझी मागणी नवी नाही आणि या राज्याला अनोळखीही नाही. पेट्रोलवरचा कर वाहतुकीशिवाय दुसरीकडे वापरता येऊ नये म्हणून २०१६च्या नोव्हेंबरमध्ये तुम्ही मतदारांसमोर घटनादुरुस्ती ठेवली आणि मतदारांनी ती मंजूर केली. त्या पैशाला आज कुलूप आहे. तसंच कुलूप या नव्वद सेंटांना लावा. दोन्ही सभागृहांत तीन पंचमांश मतं मिळाली, म्हणजे सिनेटमध्ये २४ आणि असेंब्लीत ४८, तर प्रश्न त्याच वर्षी मतपत्रिकेवर येतो. तेवढी नाही मिळाली तर साध्या बहुमताने दोन वर्षं लागोपाठ. तोवर साध्या कायद्यानेही निम्मं काम होईल. ऱ्होड आयलंडचं नावही त्या यादीत असायचं. त्यांनी २०१९मध्ये आकार दोन भागांत तोडला आणि ९११च्या भागाला स्वतंत्र खातं दिलं. आपल्यालाही ‘अँड’च्या अलीकडचा आणि पलीकडचा हिशोब वेगळा करता येईल. अलीकडचा पैसा काउंटींना आणि गावांना त्यांच्याकडे येणाऱ्या कॉलच्या प्रमाणात मिळावा. आणि दरवर्षी कुणाला किती गेले ते असं छापा, की साताऱ्याच्या निवृत्त ऑपरेटरलाही पेन्सिल घेऊन तपासता येईल.

एकदम सगळे १२ कोटी काढून घ्या असं मी म्हणत नाही. पोलिसांच्या पगारात एका रात्रीत खड्डा पडावा, हे मलाही नको आहे. त्या रात्री यंत्र घेऊन चौदा मजले चढून आलेले पोलीसच होते, लिफ्टची वाट न पाहता. तीन-चार वर्षांत टप्प्याटप्प्याने केंद्रांकडे वळवा. पण पहिला टप्पा या अर्थसंकल्पात दिसू द्या.

मराठी वाचकांना मध्येच एक विनंती. आपल्या घरी दरवर्षी कुणाचे ना कुणाचे आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात. त्यांना १०८ माहीत असतो, इथला ९११ आपण फ्रिजवर लिहून ठेवतो. दिवसा आपण कामावर असतो आणि घरात सत्तरी ओलांडलेली दोन माणसं असतात, मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्ता सांगणारी. त्यांचा कॉल कुठे जाणार, कोण उचलणार, मजला दिसणार की नाही, यावर त्यांचा जीव टांगलेला असतो. आपल्या भागाचे सिनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य कोण, हे पाहायला दोन मिनिटं लागतात. अर्थसंकल्प ३० जूनपर्यंत मंजूर व्हावा लागतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये लिहिलेलं पत्र उपयोगी पडतं. बिलाची प्रत जोडा, त्या ओळीखाली रेघ ओढा.

माननीय सदस्यहो, बाबा आता साताऱ्याला आहेत, तब्येत बरी आहे. रविवारी फोनवर बोलताना अजून विचारतात, ‘त्या बाईंचं काय झालं?’ त्या बाईंनी गेल्या वर्षी नोकरी सोडली, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांनी रेघा ओढलेलं ते बिल मी जपून ठेवलं आहे आणि त्याची झेरॉक्स इंग्रजी पत्रासोबत जोडली आहे. तुमचं उत्तर आलं की ते मराठी करून त्यांना वाचून दाखवीन.

कळावे,
आपली,
चार लाइनींचं बिल भरणारी एक मतदार